तेल जरा जास्तच टाका

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये नव्या फरश्या बसवायचं ठरलं, तेव्हा सेक्रेटरींनी खालच्या फळ्यावर लिहिलं: 'महिनाअखेरपर्यंत सभासदांनी आपापल्या बंद गाड्या हलवाव्यात.' अख्ख्या सोसायटीत बंद गाडी एकच होती, आमची. पण मला उद्देशून लिहायची हिंमत होईना, म्हणून ते 'आपापल्या'. एरवी मी त्यांच्या दारात जाऊन विचारलं असतं, की बाबा रे, नाव घ्यायला लाजतोस कशाला? त्या दिवशी मी वाचलं, वर आले आणि मेथी निवडायला बसले.

स्कूटर आमच्या यांची. जुनी, टू-स्ट्रोक, हातातल्या गिअरची. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालावं लागतं त्यातली. आता तशा निघत नाहीत. हे फेब्रुवारीत गेले. सकाळचा चहा झाला, पेपर उघडला आणि खुर्चीतच मान कलंडली. तेव्हापासून आठ महिने ती स्टँडवर उभी होती आणि तिच्या सीटवर सोसायटीतलं मांजर झोपत होतं.

मुलगी पुण्याला असते. तिला फोनवर सांगितलं, "महिनाअखेरपर्यंत चालू झाली तर ठेवीन. नाही झाली तर भंगारवाल्याला बोलावते."

"तुला काय वाटतं पण, आई?"

"मला काही वाटत नाही."

हे खरं होतं, आणि हीच तर पंचाईत होती. मी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं. राग नाकाच्या शेंड्यावर आणि आवाज असा, की मी दुसरीच्या वर्गात ओरडले की चौथीतली पोरं गप्प बसायची. सासरी, माहेरी, बाजारात, बँकेत, कुणाला म्हणून सोडलं नाही मी. यांच्याशी तर रोजच. म्हणजे भांडायचे मी एकटीच. हे एमआयडीसीत टर्नर होते. लेथवर केसाएवढा फरक मोजणारा माणूस, तो शब्दही मोजूनच वापरायचा. मी पाऊण तास तोंडाचा पट्टा सोडायची आणि ते शेवटी म्हणायचे, "बरं." झालं, एवढंच. त्या 'बरं'नं माझं डोकं आणखी फिरायचं.

हे गेले आणि तो राग कुठे गेला कोण जाणे. रडू तर आलंच नाही. लोकांनी वाट पाहिली, जाऊबाईंनी पाठीवर हात फिरवून पाहिला, काही उपयोग झाला नाही. भाजीवाल्यानं किडकी वांगी घातली, ती मी घरी येऊन टाकून दिली आणि पुढच्या आठवड्यात त्याच्याकडूनच परत घेतली. दूध पातळ यायला लागलं, प्यायले. बँकेतल्या पोरीनं तीन वेळा परत पाठवलं, तीन वेळा परत गेले. मुलगी एकदा म्हणाली, "आई, तू कुणाशी भांडत का नाहीस गं?" तिच्या आवाजात भीती होती. मी म्हटलं, भांडण्यासारखं काही झालंच नाही.

तर स्कूटर. टेम्पोत घालून न्यायच्या आधी पुढची डिकी रिकामी केली. प्लगचा पाना, एक पुसायचं फडकं, जुना प्लग आणि बामची एक चपटी डबी. डबीत बाम नव्हता. कापसात गुंडाळलेला पितळेचा एक तुकडा होता, नाकातल्या चमकीएवढा, मधोमध बारीक भोक. यांना असल्या वस्तू जपायची खोडच होती. मी तो टाकून देणार होते, पण कचऱ्याची बादली वर होती. डबी परत डिकीत ठेवली.

दिल्ली गेटच्या आतल्या बाजूला एक मिस्त्री अजून जुन्या स्कूटरींचं काम करतो, असं कुणीतरी सांगितलं होतं. पन्नाशीचा, पाथर्डीकडचा, एकट्याचंच गॅरेज. मी त्याला कधी शिकवलेलं नव्हतं, पण साडीचा काठ आणि चष्मा बघून त्यानं मास्तरीण ओळखली असावी.

"बसा बाई," म्हणाला. "कवाधरनं बंद हाय?"

"आठ महिने."

"मग कार्बोरेटर चिकाटला आसंल."

त्यानं उजव्या बाजूचं इंजिनावरचं झाकण काढलं आणि सीटखालून मुठीएवढं एक यंत्र बाहेर काढलं. मी आयुष्यभर त्याच्यावर बसत होते आणि ते कधी बघितलं नव्हतं. आत पेट्रोल सुकून डिंकासारखा थर बसला होता. मिस्त्रीनं त्यातून एक पितळी तुकडा काढला, फुंकला, डोळ्याला लावून उजेडात धरला. म्हणाला, ह्याला जेट म्हणत्यात. ह्याच्या भोकातनं जेवढं पेट्रोल जाईल तेवढंच इंजिनाला मिळतं. भोक लहान तर इंजिन उपाशी, मोठं तर नुसतं पितंय. मग त्यानं त्यावरचा आकडा वाचला आणि कपाळाला आठी घातली.

"एकशे पाच? ह्यो कुणी टाकला? कंपनीचा अठ्ठ्याण्णव आसतो."

"मला काय माहीत," मी म्हटलं.

"तरीच. लई पेट्रोल पीत आसंल ही."

पीत होतीच. त्यावरून मी यांना किती बोलले असेन त्याला गणती नाही. शेजाऱ्यांची स्कूटर लिटरला एवढी जाते, आपली का नाही? तुम्हाला चालवता येत नाही, तुम्ही क्लच दाबून धरता, तुम्ही उगाच रेस करता. ते म्हणायचे, बरं.

मिस्त्रीनं निकाल दिला. कार्बोरेटरची बॉडी आतून झिजली होती, हवा चोरून घेत होती. ती स्वच्छ करून भागणार नव्हतं. दोनच वाटा होत्या. एक तर बाजारात मिळतो तो नवा डुप्लिकेट बसवायचा, उद्या तयार. नाहीतर भंगार बाजारात हिंडून एखाद्या मेलेल्या स्कूटरचा ओरिजनल शोधायचा, त्याला दिवस लागतील.

"तुमचं मत काय?"

"ओरिजनलला तोड न्हाई. पर शोधावा लागंल."

"नवा बसवा," मी म्हटलं. विचार असा काही केला नाही. महिनाअखेरीला नऊ दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा तो कार्बोरेटरच्या मागचा स्क्रू फिरवत बसला होता. आधी पूर्ण आत, मग दीड फेरा बाहेर, मग कान लावून पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. इंजिन चालू होतं. आवाज चढायचा, उतरायचा, परत चढायचा. आठ महिन्यांनी तो आवाज ऐकला तर काहीतरी होईल अशी माझी समजूत होती. स्टुलावर बसून वाट पाहिली. काही झालं नाही. समोरच्या दुकानात एक बाई प्लास्टिकच्या बादलीवरून घासाघीस करत होती, तिचंच ऐकत बसले.

"लागली एकदाची," मिस्त्री म्हणाला. "पर चढाला बघाया पायजे. रिकामी गाडी कोनचीबी चालती. मागं बसा, लोड लागतो."

मी बसले. एका बाजूला पाय टाकून, पदर खोचून, डावा हात स्टेपनीवर, जशी बसत आले तशी. पुढे पाठ दुसऱ्याची होती एवढंच.

पाथर्डी रस्त्याला लागायच्या आधी पेट्रोल भरायला थांबलो. मिस्त्रीनं ऑइलच्या पिशव्या आणल्या होत्या. टाकीत एक ओतली, दुसरीतलं थोडं, आणि उरलेली माझ्या हातात दिली. "लिटरमागं वीस एमएल, जास्त न्हाई," म्हणाला आणि चाकात हवा भरून घ्यायला पलीकडच्या माणसाकडे गेला.

आता माझा हात कसा आहे ते सांगते. फोडणीला तेल सोडताना तो कधी आखडला नाही. पुरणपोळीवर तूप घालताना नाही, लेकीच्या डोक्याला तेल घालताना नाही. आमच्याकडे हीच रीत आहे, ज्याला जपायचं त्याला तेल जास्त. स्कूटरलाही मी तेच केलं. पंपावर हे मोजून सांगायचे आणि मी मागून म्हणायची, "दादा, ऑइल जरा जास्तच टाका. यांचं ऐकू नका." कोरड्या इंजिनाचं काय होतं ते मी एकदा डोळ्यांनी बघितलं होतं. करंजी घाटात. मुलगी तेव्हा चार-पाच वर्षांची, पुढे उभी. मी मागे, मांडीवर पिशव्या. माहेरी निघालो होतो. अर्ध्या चढाला खर्रकन आवाज आला, मागचं चाक जागच्या जागी अडकलं, गाडी तिरकी झाली. पडलो नाही, पण पोरगी इतकी घाबरली की तासभर हुंदके देत होती. रस्त्याच्या कडेला उन्हात बसून मी यांना जे धुतलं! "तेलाला हात आखडता घेता! पंपावर सांगत होते मी, जास्त टाका, तर तेवढंच टाकलं! पोरीला मारायला निघालात का?" हे इंजिनाला हात लावून गरम आहे का बघत होते. म्हणाले, "बरं."

त्यानंतर मी पंपावर कुणाचंच ऐकलं नाही. स्वतः उतरून, उभी राहून जास्तीचं तेल टाकून घ्यायची. आणि गाडी परत कधी, एकदाही जाम झाली नाही. घाटात नाही, ट्रिपलसीट नाही, नाही म्हणजे नाहीच. बावीस वर्षं ही गोष्ट मी ऐकवत आले. लग्नकार्यात ऐकवली, शाळेत ऐकवली. यांच्यासमोर त्यांच्या मित्रांना म्हणायची, "अहो, टर्नर असून यांना जे कळलं नाही ते मला कळलं." हे चहा ओतून द्यायचे.

तेव्हा मिस्त्री हवा भरत होता आणि माझ्या हातात पिशवी होती. मी ती टाकीत पालथी केली. पर्समध्ये मी येताना घेतलेली आणखी एक होती, तीही केली. झाकण लावलं.

चांदबिबी महालाचा चढ सुरू झाला. पहिलं वळण नीट गेलं. दुसऱ्या वळणाच्या पुढे इंजिनाचा आवाज बारीक झाला, मग खर्रकन तोच आवाज, आणि मागचं चाक अडकलं. मिस्त्रीनं झटकन क्लच दाबला म्हणून वाचलो. मी उतरले. पदर सारखा केला. माझी छातीसुद्धा धडधडत नव्हती. मनात आलं, चला, भंगार.

मिस्त्री मात्र घामाघूम. त्यानं प्लग काढला. टोक पांढरंफटक.

"पेट्रोलच कमी जातंय हिला, तापली." त्यानं टाकीचं झाकण उघडून बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं, माझ्याकडे बघितलं. "बाई, तेल किती घातलं?"

"थोडं जास्त."

"थोडं?"

"दोन पिशव्या. अहो, त्यात काय झालं? तेल जास्त असलं तर इंजिन टिकतं. बावीस वर्षं मी असंच घातलंय, एकदा जाम झाली नाही."

"हितंच तर घोडं पेंड खातंय," तो म्हणाला आणि रस्त्याच्या कठड्यावर बसला. "समद्यास्नी वाटतं तेल जास्त म्हंजी चांगलं. आवं, भोक तेवढंच हाय ना? त्यातनं तेल जास्त गेलं की पेट्रोल कमी जानार. पेट्रोल कमी, की इंजिन तापनार, आन तापलं की जाम. ह्यो नवा कार्बोरेटर आधीच हावरट न्हाई, त्यात तुमचं तेल. तेलानंच जाम झाली, बाई."

मी ऐकलं. करंजी घाट डोळ्यांसमोर आला. त्या दिवशीही पंपावर तेल मीच वाढवून घेतलं होतं. हे मोजून सांगत होते आणि मी मागून म्हटलं होतं, यांचं ऐकू नका. पंपावरच्या पोरानं माझंच ऐकलं होतं. भांडताना मी नेमकं उलटं सांगितलं, आणि नंतर तेच मला खरं वाटायला लागलं.

"मग बावीस वर्षं जाम कशी नाही झाली?" मी विचारलं.

मिस्त्रीनं डोकं खाजवलं. "तुमच्या जुन्या कार्बोरेटरात एकशे पाच हुता की. मोठं भोक. तेल कितीबी घाला, पेट्रोल कमी पडत न्हाई. कुनीतरी जानत्यानं टाकलाय त्यो. तुमचं तेल धरून टाकलाय."

मी पुढची डिकी उघडली. बामची डबी काढली, कापूस सोडला आणि तो पितळी तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला. त्यानं उजेडात धरला.

"अठ्ठ्याण्णव," म्हणाला. "ह्यो कंपनीचा. काढून ठिवलाय जपून."

करंजी घाटानंतरच्या रविवारची गोष्ट. हे आमच्या तेव्हाच्या घराच्या मागच्या अंगणात पेपर पसरून बसले होते आणि पेपरवर स्कूटरचं काहीतरी खोलून ठेवलं होतं. तो पेपर मी वाचलेला नव्हता. त्यावरून मी ओरडले. सगळ्या फरशीला तेल लावलंत, आजचा पेपर घेतलात, काही अक्कल? ते म्हणाले, बरं. आणि पेपर बदलून घेतला.

मी स्कूटरचं हँडल धरलं.

"अहो," मी म्हटलं. मिस्त्री "व्हय बाई" म्हणाला. त्याला नव्हतं म्हटलं.

"अहो, सांगायचं नाही का?" मी स्कूटरकडे बघून ओरडले. चढावर शेळ्या चरत होत्या, त्या थांबल्या. "बावीस वर्षं! बावीस वर्षं मी जगाला सांगत फिरले, तेव्हा तोंड शिवलं होतं का? मित्रांसमोर तुमची अक्कल काढली, चहा कसला ओतत होतात? पेट्रोल पिते, पेट्रोल पिते म्हणून रोज बोलले, रोज! एकदा म्हणायचं होतंत, बाई गं, तुझ्यामुळे पिते! मी ऐकलं नसतं. नसतंच ऐकलं! म्हणून काय सांगायचंच नाही? गुपचूप भोक मोठं करून ठेवायचं आणि 'बरं' म्हणायचं? आणि आता? आता मी कुणाशी भांडू?"

आवाज फाटला. नाक, डोळे, सगळं एकदम वाहायला लागलं. मिस्त्री बिचारा शेळ्यांच्या दिशेनं चालत गेला आणि पाठ करून उभा राहिला. मी स्कूटरच्या सीटवर दोन्ही हातांनी थापा मारत होते आणि शिव्या देत होते. मास्तरीण बाईच्या तोंडी शोभणार नाहीत अशा दोन-तीन त्यात होत्या. किती वेळ ते माहीत नाही. इंजिन गार होईपर्यंत नक्कीच, कारण मिस्त्री परत आला, किक हातानं दाबून पाहिली, आणि ती सुटली होती.

"नशीब, नुसती धरली हुती, कायमची जाम न्हाई," तो हळूच म्हणाला. "बाई, मी भंगारातनं ओरिजनल बॉडी हुडकतो. त्यात ह्यो कंपनीचाच टाकू. तेल तेवढं मापात घालायचं. मायलेज बी मिळंल, धूर बी न्हाई."

"एकशे पाच टाका," मी पदरानं नाक पुसत म्हटलं.

"आवं पर..."

"तेल मी जास्तच घालणार आहे. कमी घालायला मला जमायचं नाही. एकशे पाच."

ओरिजनल सापडायला पाच दिवस लागले. मीही त्याच्याबरोबर भंगार बाजारात दोन दिवस हिंडले, तीन हातात घेऊन खालीवर करून बघितले आणि एका भंगारवाल्याशी कडाडून भांडले, कारण तो झिजलेला माल चांगला म्हणून गळ्यात मारत होता. महिना संपायला दोन दिवस असताना स्कूटर सोसायटीत आली. फरश्या बसेपर्यंत गेटबाहेर उभी केली आणि नंतर परत आपल्या जागी. हातातला गिअर मला जमत नाही, अजून तरी. पण दर रविवारी सकाळी खाली जाते, हे करायचे तशी तिला आधी एका अंगाला कलती करते, मग सरळ करून किक मारते. चौथ्या-पाचव्या किकला चालू होते. दहा मिनिटं जागेवरच चालू ठेवते.

धूर होतो. तेलच तेवढं असतं. दुसऱ्याच रविवारी सेक्रेटरी रुमाल नाकाला लावून खाली आले, म्हणाले, "बाई, नव्या फरश्यांवर धूर बसतोय, हे बंद करायला लागेल."

मग मी त्यांना फळ्यावरच्या 'आपापल्या'पासून सुरुवात केली.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "आई, सेक्रेटरीकाकांचा फोन होता. तू म्हणे पार्किंगमध्ये भांडलीस?"

"हो. अर्धा तास. लिफ्टपर्यंत मागे गेले त्याच्या."

मला वाटलं फोन कट झाला. मग कळलं, ती रडत होती.